व्हॅलेंटाईन डे: संताचा, लांडग्यांचा की पाखरांचा?

रानमोगरा | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

फेब्रुवारी उजाडला की घरच्या ग्रुपवर ठरलेला फॉरवर्ड येतो. रोमचा सम्राट दुसरा क्लॉडियस, त्याने सैनिकांच्या लग्नांवर घातलेली बंदी, चोरून लग्नं लावणारा व्हॅलेंटाईन नावाचा धर्मगुरू, त्याचा शिरच्छेद, आणि आदल्या रात्री तुरुंगाधिकाऱ्याच्या आंधळ्या मुलीला लिहिलेली चिठ्ठी, खाली सही 'तुझा व्हॅलेंटाईन'. त्यावर मावशी लाल बदाम टाकते, काका 'आपली संस्कृती' टाकतात. गोष्ट खरी का, हे दोघंही विचारत नाहीत. म्हणून हा धागा.

आधी संत. १४ फेब्रुवारीचे व्हॅलेंटाईन निदान दोन आहेत. एक रोममधला धर्मगुरू, दुसरा रोमच्या उत्तरेकडच्या टेर्नी गावचा बिशप. दोघंही तिसऱ्या शतकातले, दोघांचाही शेवट फ्लामिनिया रस्त्यावर, तारीखही तीच. मूळ माणूस एकच असून त्याच्या दोन कथा झाल्या असाव्यात, असंही काही अभ्यासक मानतात. त्यांची चरित्रं लिहिली गेली ती त्यानंतर कित्येक पिढ्यांनी. त्यांत चमत्कार आहेत, छळ आहे, धर्मांतरं आहेत, पण चोरून लावलेली लग्नं नाहीत. तेराव्या शतकात याकोबुस द व्होराजिने याने संतकथांचा मोठा संग्रह केला. त्यातला व्हॅलेंटाईन अधिकाऱ्याच्या मुलीला दृष्टी देतो, चिठ्ठी मात्र लिहीत नाही. ती पुढे कोणीतरी त्याच्या हातात दिली. लग्नबंदीलाही त्या काळातला पुरावा नाही. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने आपल्या सणांच्या यादीची साफसफाई केली, तेव्हा हा दिवस सर्वसाधारण यादीतून गेला. नाव आणि फ्लामिनिया रस्त्यावरचं दफन, यापलीकडे या संताबद्दल काही माहीत नाही, असं कारण दिलं गेलं. संतपद काढून घेतलेलं नाही, हेही लिहून ठेवतो. नाहीतर पुढच्या वर्षी तो फॉरवर्ड येईल.

आता लांडगे. 'हा मुळात रोमन लोकांचा लुपरकॅलिया' हे दुसरं लाडकं उत्तर. लुपरकॅलिया १५ फेब्रुवारीला असायचा. रोम्युलस आणि रीमस यांना लांडगीने जिथे दूध पाजलं म्हणतात, त्या पॅलाटाईन टेकडीच्या गुहेपाशी बोकड आणि कुत्रा बळी द्यायचे. दोन तरुणांच्या कपाळाला रक्ताची सुरी टेकवून ते दुधात भिजवलेल्या लोकरीने पुसायचे, आणि पुसल्यावर त्यांनी हसायचं, असं ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो. मग जवळजवळ नागडे तरुण बोकडाच्या कातड्याच्या पट्ट्या घेऊन धावत सुटायचे आणि वाटेत भेटेल त्याला फटके मारायचे. मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका आपणहून हात पुढे करायच्या. इसवी सनपूर्व ४४ मध्ये मार्क अँटनीने सीझरपुढे मुकुट धरला तो याच दिवशी. सण जबरदस्त आहे, पण त्यात प्रेमपत्र कुठे बसतं? पाचव्या शतकाच्या शेवटी पोप गेलाशियसने या सणावर तिखट पत्र लिहिलं हे खरं. त्याच्या जागी त्याने व्हॅलेंटाईनचा प्रेमाचा सण आणला, हे त्या पत्रात नाही. मुलींची नावं मडक्यात घालून मुलांनी चिठ्ठ्या उचलायच्या ही 'रोमन प्रथा' तर अठराव्या शतकातल्या संतचरित्रकारांच्या डोक्यातून निघाली. प्राचीन लेखकांपैकी कोणालाच ती ठाऊक नव्हती.

राहिली पाखरं. माझं मत त्यांना. १३८० च्या सुमारास जेफ्री चॉसर या इंग्रज कवीने पाखरांच्या सभेवर एक दीर्घ स्वप्नकाव्य लिहिलं. संत व्हॅलेंटाईनच्या दिवशी सगळी पाखरं निसर्गदेवीपुढे जोडीदार निवडायला जमतात. एका गरुडीसाठी तीन गरुड भांडतात. बदकं, हंस, कोकीळ मध्येच तोंड घालतात, कारण त्यांना घरी जायची घाई आहे. शेवटी गरुडी म्हणते, मला विचार करायला एक वर्ष द्या. देवी देते! बाकीची पाखरं आपापल्या जोड्या लावून गात उडून जातात. चॉसरच्या आधी या संताचा प्रेमाशी संबंध जोडल्याचं कुठे सापडत नाही, हे जॅक ओरुख या अभ्यासकाने १९८१ मध्ये दाखवून दिलं. चॉसरच्याच काळात इंग्लंडचा गॉवर आणि सव्हॉयचा ओटों द ग्रांसों यांनीही व्हॅलेंटाईनवर कविता केल्या. म्हणजे राजदरबारातल्या तीन-चार कवींच्या मंडळात हा खेळ सुरू झाला.

कोणाला पुढच्या प्रथांबद्दल माहिती असेल तर लिहा. बाहेरदेशी राहणाऱ्यांनी विशेषतः.


सदाशिवपेठी | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

लेख अभ्यासपूर्ण. पण इतका लांब वळसा कशाला? आपल्याकडे मदनोत्सव होताच की. वसंतपंचमी म्हणजेच आपला व्हॅलेंटाईन डे. त्यांनी आपलंच उचललं असणार.


अनुस्वार | ८ फेब्रुवारी, रात्री ११:०२

काका, मदनोत्सव होता याबद्दल वादच नाही. पण 'उचललं' म्हणायला काहीतरी दुवा लागतो, आणि चॉसरपर्यंत संस्कृत नाटकं पोचली नव्हती.

वसंतपंचमीला रती आणि कामदेवाची पूजा सांगितली आहे, तेवढं तुमचं बरोबर. खरा मोठा उत्सव मात्र चैत्रातला. पंचांगात चैत्र शुद्ध त्रयोदशीपुढे 'अनंग त्रयोदशी' अजून छापतात, उघडून बघा. सातव्या शतकातल्या हर्षाच्या 'रत्नावली'चा पहिला अंक मदनमहोत्सवातच घडतो. कौशांबीच्या रस्त्यांत गुलाल उडतोय, पिचकाऱ्या चालल्यात, लोक गाताहेत, आणि राणी वासवदत्ता बागेत तांबड्या अशोकाखाली कामदेवाची पूजा मांडते. दासी म्हणून राहिलेली सागरिका झाडाआडून बघते. पूजा घेत बसलेला उदयन राजा तिला दिसतो आणि तिला वाटतं, इथे कामदेव सदेहच पूजा घेतो वाटतं! पुढचं सगळं नाटक त्या एका नजरेवर उभं आहे.

म्हणजे आपल्याकडचा उत्सव सार्वजनिक, रंगाचा, दंग्याचा आणि देवपूजेचा. एका व्यक्तीने दुसरीला चिठ्ठी द्यायची, ही त्याची रीत नव्हे. नातं शोधायचंच तर ते होळी-रंगपंचमीशी जवळचं. दोन वेगळे सण वेगळे राहिले तर आपलं काही कमी होत नाही.


थेम्सकाठ | ९ फेब्रुवारी, पहाटे ४:२०

भारतातली पहाट, आमच्याकडे रात्र.

इंग्लंडमधल्या प्रथेबद्दल एक गंमत. सॅम्युअल पीप्स हा नौदलाच्या कचेरीतला अधिकारी. त्याची १६६० च्या दशकातली रोजनिशी प्रसिद्ध आहे. त्या काळी सकाळी पहिला दिसेल तो तुमचा व्हॅलेंटाईन, अशी समजूत होती. १६६२ च्या १४ फेब्रुवारीला पीप्सच्या घरी रंगारी शेकोटीच्या चौकटीला सोनेरी मुलामा देत होते. ते दिसू नयेत म्हणून त्याच्या बायकोने सकाळभर डोळ्यांवर हात धरून ठेवले होते!

१६६७ मध्ये एका ओळखीच्या घरचा लहान मुलगा तिचा व्हॅलेंटाईन झाला. निळ्या कागदावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव लिहून त्याने आणलं. त्या वर्षी पीप्सही बायकोचा व्हॅलेंटाईन होता, आणि त्यापायी आपल्याला पाच पौंड पडणार अशी नोंद त्याने केली आहे. वर स्वतःची समजूतही घातली आहे, की नाहीतरी हे पैसे तिच्यावर खर्च करायचेच होते. थोडक्यात, तेव्हा व्हॅलेंटाईन म्हणजे प्रियकरच असं नव्हतं. शेजारी, मुलं, दुसऱ्याची बायको, कोणीही चाले. ज्याचं नाव निघेल त्याने हातमोजे किंवा काहीतरी भेट द्यायची.

नॉरफोकमध्ये तर हा दिवस मुलांचा आहे. जॅक व्हॅलेंटाईन नावाचा कोणीतरी संध्याकाळी दार वाजवतो, उंबऱ्यात खाऊ ठेवतो आणि पसार होतो. कधी पुडक्याला दोरी बांधलेली असते. मूल उचलायला वाकलं की पुडकं पुढे सरकतं. घरातल्यांपैकीच कोणीतरी झुडपाआड बसलेलं असतं, हे सांगायला नको.


खडूस_१ | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

इतका इतिहास उगाळून निष्कर्ष काय? हा कार्डवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी काढलेला धंदा आहे. एवढंच लिहिलं असतं तर चाललं असतं.


चहा_बिस्किट | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

खडूसराव सकाळी सकाळी! :)

आपल्याकडे आला तो धंद्याच्याच मागून, हे मान्य. भेटकार्डांची आर्चीज कंपनी १९७९ मध्ये सुरू झाली, पण व्हॅलेंटाईनने बाळसं धरलं ते १९९१ नंतर, केबल टीव्ही घरात आला तेव्हा. आमच्या कॉलेजात रोझ डेला लाल गुलाब द्यायची हिंमत नसलेले पिवळे घेऊन फिरायचे, 'मैत्रीचा' म्हणून. मग भेटकार्डांच्या दुकानांवर मोर्चे आले, कार्डांच्या होळ्या झाल्या, बागांमधून जोडप्यांना हाकलणं सुरू झालं. १४ तारखेला मातृ-पितृ पूजन करा असंही आलं. २०२३ मध्ये तर भारतीय पशुकल्याण मंडळाने त्या दिवशी गाईला मिठी मारण्याचं आवाहन केलं आणि चार दिवस आधी मागे घेतलं. बिचाऱ्या गाईला कोणी विचारलं होतं का?


रानमोगरा | ९ फेब्रुवारी, दुपारी १:१५

अनुस्वार, फार सुंदर प्रतिसाद. थेम्सकाठ, ते पाच पौंड मला माहीत नव्हते.

खडूसराव, कार्डं छापून विकायचा धंदा सुरू व्हायच्या कितीतरी आधी, १४७७ मध्ये काय चाललं होतं ते सांगतो. मग ठरवा.

नॉरफोकमधलंच टॉपक्रॉफ्ट गाव. सर थॉमस ब्रूज यांची मुलगी मार्जरी. तिचं लग्न जॉन पॅस्टन या तरुणाशी घाटतंय, पण घोडं अडलंय हुंड्यावर. वडील शंभर पौंड आणि पन्नास मार्क (हेही तेव्हाचं पैशाचंच माप) यापुढे एक पै सोडायला तयार नाहीत. मुलाकडच्यांची अपेक्षा बरीच जास्त. (ओळखीचं वाटतंय ना?) मग मुलीची आई डेम एलिझाबेथ मैदानात उतरते. होणाऱ्या जावयाला ती कळवते: शुक्रवारी संत व्हॅलेंटाईनचा दिवस आहे, प्रत्येक पाखरू आपला जोडीदार निवडतं, तर गुरुवारी रात्रीच या आणि सोमवारपर्यंत राहण्याच्या तयारीने या, म्हणजे यजमानांशी बोलणं होईल. चॉसरची पाखरं सुमारे शंभर वर्षांत दरबारातून निघून गावाकडच्या एका आईच्या पत्रात येऊन बसली आहेत, ती अशी.

मार्जरीची स्वतःची पत्रंही आहेत. जॉनला ती 'माझा परमप्रिय व्हॅलेंटाईन' म्हणते. तब्येत बरी नाही, मनही बरं नाही आणि तुमचं पत्र येईपर्यंत बरं होणारही नाही, असं लिहिते. आईने वडिलांकडे पुष्कळ खटपट केली, रक्कम वाढत नाही, पण तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर तेवढ्यासाठी मला सोडणार नाही. दुसऱ्या पत्रात आणखी स्पष्ट: एवढ्या पैशात आणि माझ्यात समाधान असेल तर माझ्याइतकी आनंदी मुलगी पृथ्वीवर नसेल, नसेल तर या कामासाठी पुन्हा खेप घालू नका.

मुलगी मोठी धीराची. आणि हे सगळं तिने सांगून लिहवून घेतलं वडिलांच्याच कारकुनाकडून! हे पत्र तुमच्याशिवाय कोणाच्या दृष्टीला पडू देऊ नका, अशी विनंती शेवटी आहे. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि इंग्रजीतलं सर्वांत जुनं व्हॅलेंटाईन-पत्र म्हणून जगाने वाचलंय.

तेव्हा धंदा नंतरचा. व्यवहार मात्र पहिल्यापासूनचा, एवढं तुमचं मानतो.


चहा_बिस्किट | ९ फेब्रुवारी, दुपारी १:३२

पण लग्न झालं की नाही? असं अर्धवट सोडू नका हो.


रानमोगरा | ९ फेब्रुवारी, दुपारी १:५०

झालं, त्याच वर्षी. शेवटी मुलाच्या आईने मध्ये पडून स्पारहॅमची जहागीर जोडप्याला देऊ केली. त्यावरून थोरला भाऊ थोडा फुगला. दोन्ही आया हुशार निघाल्या.


खडूस_१ | ९ फेब्रुवारी, दुपारी २:४०

हे वाचायला आवडलं. तरी छापील कार्डाचा आणि या पत्राचा काय संबंध, हा प्रश्न उरतोच.


थेम्सकाठ | १० फेब्रुवारी, पहाटे ३:५५

त्याचं उत्तर पोस्टात आहे.

१८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचा, तोही अंतर आणि कागद मोजून. रोलंड हिलच्या सुधारणेनंतर एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे असं ठरलं. निनावी पत्र टाकणं एकदम सोपं झालं. नाव न लिहिता व्हॅलेंटाईन पाठवायची इंग्लंडातली खोड अजून गेलेली नाही. जाळीदार कागद, रेशमी फिती, उचकटून बघायच्या झडपा, असली कार्डं लोक हौसेने जमवायचे.

याच टपालातून दुसराही माल जायचा, त्याला 'व्हिनेगर व्हॅलेंटाईन' म्हणत. एक पातळ स्वस्त कागद, त्यावर व्यंगचित्र आणि खाली चार ओळींचा झणझणीत अपमान. टक्कल पडलेल्याला, दारुड्याला, नखरेल बाईला, उधारी मागणाऱ्या दुकानदाराला, वय उलटलेल्या अविवाहितेला. पेनी पोस्टाच्या आधी ज्याला असलं काही आलं, त्याने पैसे भरून स्वतःचा अपमान सोडवून घेतला असणार.

अमेरिकेत हा धंदा उभा केला तो एका तरुण मुलीने. एस्थर हाउलँड, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर गाव, वडिलांचं कागद-स्टेशनरीचं दुकान. १८४७ मध्ये कॉलेज संपवून ती घरी आली. इंग्लंडहून आलेलं एक सजवलेलं कार्ड बघून तिला वाटलं, हे आपण करू शकतो. भावाने विक्रीच्या फेरीवर नमुने नेले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, असा तिचा अंदाज होता. तो परतला ते पाच हजारांहून जास्त डॉलरच्या ऑर्डरी घेऊन. मग मैत्रिणींना बोलावून तिने एका लांब टेबलाभोवती काम वाटून दिलं. एक चित्रं कापणार, दुसरी जाळी चिकटवणार, तिसरी रंगीत कागदाचं अस्तर लावणार. १८८१ मध्ये तिने धंदा विकला. हजारोंची प्रेमपत्रं सजवणाऱ्या या बाईने स्वतः लग्न केलं नाही.

चॉकलेटचा बदामाच्या आकाराचा डबा रिचर्ड कॅडबरीचा, तोही १८६० च्या दशकातला. खडूसरावांची दोन्ही खाती या एकाच काळात उघडली, असं म्हणायला हरकत नाही.


टोकियोत_एक | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१०

धंद्याचाच विषय निघालाय तर जपानसारखं उदाहरण नाही. इथे १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात. देणाऱ्या बायका, घेणारे मुख्यतः पुरुष, आणि बहुतेक चॉकलेटच.

कोबे शहरात मोरोझॉफ नावाची मिठाईची कंपनी आहे, रशियन स्थलांतरितांनी सुरू केलेली. त्यांनी १९३६ मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्रात व्हॅलेंटाईनच्या चॉकलेटची जाहिरात दिली. परदेशी लोकांपलीकडे कोणी लक्ष दिलं नाही. १९५८ मध्ये मेरी चॉकलेट कंपनीने टोकियोत शिंजुकूच्या इसेतान दुकानात व्हॅलेंटाईन विक्री लावली. तीन दिवसांत खपलं काय, तर पन्नास येनची तीन चॉकलेटं आणि वीस येनचं एक कार्ड. एकूण १७० येन! पुढच्या वर्षी त्यांनी बदामाच्या आकाराचं चॉकलेट काढलं आणि प्रचार असा केला, की वर्षातून एक दिवस बाईने आपणहून प्रेम कबूल करावं. ते चालून गेलं. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये खरेदीला येणाऱ्या बहुतांशी बायकाच होत्या, हे दुकानदारांना बरोबर ठाऊक होतं.

पुढे त्याला फांद्या फुटल्या. मनातल्या माणसाला द्यायचं ते 'होनमेइ चोको', साहेब, सहकारी, गिऱ्हाईक यांना कर्तव्य म्हणून द्यायचं ते 'गिरी चोको', आणि मैत्रिणींनी एकमेकींना द्यायचं ते 'तोमो चोको'. गिरी चोको म्हणजे आपल्या लग्नातली मानपानाची साडी समजा. देणारीला निवडायचा कंटाळा, घेणाऱ्याला वापरायचा, आणि वगळलं तर रुसवा. जानेवारी संपता संपता डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरांत चॉकलेटचे स्टॉल लागतात आणि ऑफिसमध्ये बायकांची दबक्या आवाजात वर्गणी सुरू होते.

घेतलेलं फेडायला १४ मार्च, 'व्हाइट डे'. त्याची सुरुवात फुकुओकातल्या एका मिठाईवाल्याने सत्तरच्या दशकात मार्शमेलो विकायला केली. १९८० पासून मिठाई उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने तो देशभर चालवला. पुरुषांनी परतभेट द्यायची, आणि मिळालं त्याच्या तिप्पट द्यावं असा अलिखित दर आहे.

२०१८ च्या १ फेब्रुवारीला गोडायव्हा या चॉकलेट कंपनीने इथल्या प्रमुख अर्थविषयक दैनिकात पानभर जाहिरात दिली: जपान, गिरी चोको बंद करूया. व्हॅलेंटाईन सुट्टीच्या दिवशी आला की मनातून हायसं वाटतं असं म्हणणाऱ्या बायका आहेत, असा त्यात उल्लेख होता. चॉकलेटवालाच 'देऊ नका' म्हणतोय यावर खूप चर्चा झाली. महागडं चॉकलेट विकणाऱ्या कंपनीला स्वस्तातली कर्तव्याची चॉकलेटं बंद झालेली चालणारच की, असंही लोक म्हणाले. मला मात्र जाहिरात पटली.

शेजारी कोरियात तिसरा हप्ताही आहे. ज्यांना फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये काहीच मिळालं नाही, त्यांनी १४ एप्रिलला 'ब्लॅक डे' म्हणून काळ्या सॉसमधल्या जाजांगम्योन शेवया खायच्या. मला विचाराल तर तिन्हींतला सर्वांत प्रामाणिक सण.


सदाशिवपेठी | १० फेब्रुवारी, सकाळी १०:२०

'तिप्पट परतभेट' वाचून सौ. फार प्रभावित झाल्या आहेत. ही माहिती टाळता आली असती.


घाटपायथा | १० फेब्रुवारी, रात्री ८:४५

राम राम मंडळी. मावळात पॉलीहाऊस आहे, गुलाबाचं. सीझनमध्ये धागा वाचायला वेळ नसतो. आज एक्स्पोर्टची शेवटची गाडी गेली, म्हणून बसलोय.

तुम्ही संत आणि पाखरं बोलताय, आमचा व्हॅलेंटाईन डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात असतो. गुलाब १४ फेब्रुवारीला आपोआप येत नाही, तो त्या तारखेला आणावा लागतो. डिसेंबरात ठरवून छाटणी-बेंडिंग (फांद्या वाकवणं) घ्यायचं. तिथून साधारण पंचेचाळीस दिवसांनी फूल कापणीला येतं. परदेशी माल २५ जानेवारीच्या आसपास निघायला लागतो आणि १० फेब्रुवारीच्या आत संपतो, कारण विमान, तिथलं मार्केट, दुकान एवढं सगळं १४ च्या आधी व्हायला पाहिजे. पुढचे दिवस मुंबई, दिल्ली, अहमदाबाद अशा लोकल बाजाराचे.

सगळा खेळ थंडीचा. जानेवारीत रात्री फार गार पडल्या तर कळी रुसते, माल १६-१७ तारखेला येतो आणि मग त्याला कोण विचारतो? ऊन वाढलं तर कळी आठवडाभर आधी उघडते, दांडी आखूड राहते. भुरी रोग आणि लाल कोळी कीड वेगळेच. कळीला जाळीची टोपी घालतो, म्हणजे आकार भरतो आणि फूल लवकर फुटत नाही. एक्स्पोर्टची कळी घट्ट असताना कापायची, लोकलची थोडी उमललेली चालते. कापलं की बादलीत पाणी, मग कोल्ड स्टोरेज, ग्रेडिंग दांडीच्या लांबीवर, वीस फुलांचा एक बंच. हे काम बायका करतात. त्यांच्यासारखा हात कोणाचा बसत नाही.

लालमध्ये टॉप सीक्रेट ही जात जास्त चालते. या दिवसाला लालच लागतो. ताजमहाल गुलाबी आहे, गोल्ड स्ट्राइक पिवळा आहे, पण १४ तारखेला त्यांना तेवढा मान नाही. तळेगाव, पवनानगर या पट्ट्यात किती घरं यावर चालतात ते इकडे येऊन बघा.

आमची खरी स्पर्धा केनियाशी. नैवाशा तळ्याच्या बाजूला त्यांची शेतं, विषुववृत्ताजवळ पण उंचावर. दिवसा भरपूर ऊन, रात्री गारवा, आणि युरोप जवळ. फुलाचं डोकं मोठं येतं. आपण भाड्यात मार खातो.

मोर्चे काढणाऱ्यांना एकच सांगणं, ज्या गुलाबाला तुम्ही परदेशी म्हणता तो आमच्या मावळातनं तिकडे जातो.


खडूस_१ | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

घाटपायथा, हा प्रतिसाद वाचून धंद्याबद्दलचं माझं वाक्य थोडं मवाळ करतो. थोडंच.

पहिली फुलं परदेशी गेली की लोकलला दुय्यम माल मिळतो, असं ऐकलं होतं. खरं का?


घाटपायथा | १० फेब्रुवारी, रात्री ९:४८

दुय्यम नाही. एकाच झाडाची फुलं. परदेशी गिऱ्हाईक लांब दांडी आणि एकसारखी कळी मागतं, तेवढा निवडा आधी होतो. उरलेल्यात वासाला, रंगाला काही कमी नसतं. तसा पॉलीहाऊसातल्या या डच गुलाबाला वास बेताचाच. वास हवा असेल तर गावठी गुलाब घ्या, पण तो दुसऱ्या दिवशी पाकळ्या टाकतो.


अनुस्वार | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

रानमोगरा, एक शंका. इंग्लंडमध्ये १४ फेब्रुवारीला पाखरं जोड्या लावतील इतकं ऊबदार असतं का?


रानमोगरा | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

हीच शंका अभ्यासकांनाही आली. एक उत्तर असं, की तेव्हाचं जुलियन कॅलेंडर ऋतूंच्या मागे पडलं होतं, त्यामुळे तेव्हाचा १४ फेब्रुवारी म्हणजे आजच्या हिशेबाने त्या महिन्याचा शेवटचा आठवडा. काही पाखरं तोवर गायला लागतातही. हेन्री अ‍ॅन्सगर केली यांचं उत्तर वेगळं. त्यांच्या मते चॉसरच्या मनात जेनोवाचा दुसरा एक व्हॅलेंटाईन होता, ज्याचा दिवस ३ मेच्या सुमारास येतो. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड आणि बोहेमियाची ॲन यांच्या लग्नाचा करारही मे १३८१ च्या सुरुवातीचा, म्हणून कविता त्या निमित्ताची असावी असं ते जोडतात. मला हे हुशार वाटतं, पण चॉसरचे समकालीन कवी सरळ फेब्रुवारीचा व्हॅलेंटाईन धरतात, तिथे ते अडकतं.


चहा_बिस्किट | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

एप्रिलमध्ये रोमला जातोय. या संताचं तिथे काही बघण्यासारखं आहे का, की तेही फॉरवर्डमधलंच?


रानमोगरा | ११ फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०

आहे. सांता मारिया इन कॉस्मेदिन चर्चमध्ये फुलांचा मुकुट घातलेली एक कवटी काचेआड ठेवली आहे, संत व्हॅलेंटाईनची म्हणून. बाहेर ओसरीत दगडी मुखवट्याच्या तोंडात हात घालून फोटो काढणाऱ्यांची भलीमोठी रांग असते. तुम्हाला फक्त चर्च बघायचं आहे हे आधी सांगा. अवशेष डब्लिनच्या व्हाइटफ्रायर स्ट्रीट चर्चमध्येही आहेत, पोपने १८३५ मध्ये फादर स्प्रॅट यांना भेट दिलेले. टेर्नीच्या बॅसिलिकात तर लग्न ठरलेली जोडपी फेब्रुवारीत शपथ घ्यायला येतात. रोमहून टेर्नी रेल्वेने सहज होतं. दोन संतांपैकी कोणाचं काय कुठे आहे, त्या वादात पडू नका, सुट्टी संपेल.


सदाशिवपेठी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

घाटपायथा, जाता जाता: गुलाब आणणं ओघाने आलंच आहे. तो चार दिवस टिकवायचा कसा?


घाटपायथा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

काका, घरी आणल्यावर दांडी बोटभर तिरकी कापा, शक्यतो पाण्यात धरून. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. पाणी रोज बदला आणि बदलताना पुन्हा जरा कापा. उन्हात नाही, पंख्याखाली नाही, आणि केळी-चिकू ठेवलेल्या टोपलीजवळ तर अजिबात नाही. पिकत्या फळांच्या वायूने फूल लवकर मान टाकतं. बंच घेताना कळी खालून हलकी दाबून बघा, घट्ट लागली तर ताजी. आणि १३ ला संध्याकाळी घ्या, १४ ला सकाळी भाव वेगळा असतो.